अठरा किलो माती

यंत्राचं तोंड पूर्वेला वळलं तेव्हा मी ओढ्यावर शेळीला पाणी पाजत होतो. ओढ्यापलीकडे कारखान्याचं कुंपण आणि कुंपणाच्या आत मातीची खाण. तोवर त्यांनी पश्चिमेची लाल माती उकरली होती. आता दुसरी भट्टी उभी राहिली होती आणि माती दुप्पट लागणार होती, म्हणून यंत्राने पूर्वेच्या कडेला दात लावले. पहिला घास खाली पडला आणि उन्हात त्यात पांढरे कण दिसले. काही मोहरीएवढे, काही हरभऱ्याएवढे.

मी कुणाला हाक मारली नाही. शेळीची दोरी ओढली आणि घरी आलो.

बायको ओल्या मडक्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. मी म्हणालो, “पूर्वेची काढताहेत.”

तिने बोट थांबवलं नाही. “चाळून घेताहेत का?”

“जाड चाळणीने.”

“बुडवतील?”

“कोण सांगणार त्यांना?”

तेव्हा ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिचे पुढचे दात पाहिले.

पूर्वेच्या मातीत चुनखडी आहे. आमच्या घरात हे चालायला लागलेल्या मुलालाही ठाऊक असतं. ती माती भाजली की माल देखणा निघतो, टणक, वाजवला तर खणखणतो. पण आतला चुन्याचा कण भाजून निघालेला असतो आणि हवेतला ओलावा त्याला मिळाला की तो फुगतो. कधी आठ दिवसांनी फुगतो, कधी दोन महिन्यांनी. मग वरचा पापुद्रा उडतो आणि देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखं भांडं दिसायला लागतं. यावर उपाय दोनच. माती पिठासारखी बारीक करायची, नाहीतर माल भट्टीतून निघाला की गरम आहे तोवर पाण्यात बुडवायचा. आत पाणी शिरलं की चुना जागच्या जागी विरतो आणि त्याचा राग निघून जातो. माझा बाप असंच म्हणायचा, राग निघून जातो.

आमचा राग मात्र कुणी पाण्यात बुडवला नव्हता.

माळावर कारखान्यांची वसाहत आली त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. आधी रस्ते आले, मग दिव्यांचे खांब, मग आकडे लिहिलेले दगड. एका दगडामागे बोल्ट करणारे आले, दुसऱ्यामागे बाटल्या करणारे. ज्यांची शेतं होती त्यांना मोबदला मिळाला. खाण कुणाच्याच नावावर नव्हती. माझा बाप, त्याचा बाप, सगळे तिथूनच माती आणत, पण टोपलीभर मातीला कागद कोण करून ठेवतं? खाण कुंपणात गेली आणि लाल फरश्या करणाऱ्या कारखान्याला मिळाली. ते मुळात त्या मातीसाठीच इथे आले होते.

कारखान्याच्या साहेबाला सगळे इस्त्री म्हणत. दिवसभर धुळीत उभा राहूनही त्याच्या सदऱ्याची घडी मोडत नसे. माणूस वाईट होता असं म्हणता येणार नाही, त्याला घाई होती. घाई असलेल्या माणसाला समोरचा दिसत नाही, एवढंच.

कुंपण झाल्यावरही बायको माती आणत राहिली. ओढ्याच्या बाजूला तारेखाली एक घळ होती, तिथून. मी नको म्हटलं तर म्हणाली, “चाक रिकामं ठेवून बघत बसू का?” एके दिवशी पहाऱ्यावरच्याने तिला धरलं. पहारेकरी आमच्याच गावचा. सतत शिट्टी फुंकतो म्हणून त्याला शिट्टी म्हणतात. लहानपणी आमच्या अंगणात खेळलेला. त्याने तिला टोपलीसकट फाटकावर नेलं आणि इस्त्री बाहेर आला.

फाटकाच्या आत ट्रक तोलायचा वजनकाटा आहे, जमिनीत बसवलेला लोखंडी ओटा. इस्त्रीने तिला टोपली डोक्यावर घेऊन त्या ओट्यावर उभं राहायला सांगितलं. दहा-बारा ट्रकवाले रांगेत होते. पहाऱ्याच्या खोलीतल्या आकड्यांची पाटी हललीच नाही, कारण तो काटा ट्रकांसाठी आहे, बाईसाठी नाही. एक ट्रकवाला म्हणाला, म्हातारी हवेची आहे. सगळे हसले. इस्त्री हसला नाही. त्याने माल बांधायच्या शेडमधून छोटा काटा आणायला माणूस पाठवला आणि तो येईपर्यंत तिला तशीच उभी ठेवली. दुपारचं ऊन, खाली तापलेलं लोखंड, पायात काही नाही. ती एक पाय उचलायची, मग दुसरा. लोकांना तेही नाचल्यासारखं वाटलं.

मला कुणीतरी सांगितलं म्हणून मी धावत गेलो. तोवर छोटा काटा आला होता. माती अठरा किलो भरली. इस्त्रीने एका कागदावर काही लिहून घेतलं आणि तिचा अंगठा मागितला. मी विचारलं, “काय लिहिलंय, साहेब?”

तो म्हणाला, “तुला वाचता येतं का?”

मी नाही म्हणालो.

“मग विचारतोस कशाला?”

अंगठा लावला. टोपली ठेवून घेतली. कागद पहाऱ्याच्या खोलीत काचेवर चिकटवला, बाहेरून दिसेल असा. येणारा-जाणारा वाचायचा. आम्ही घरी आलो तेव्हा तिच्या तळपायांना फोड आले होते. ती रडली नाही. रात्रीचा स्वयंपाकही तिनेच केला, गुडघ्यांवर रांगत.

कागदात काय होतं ते आम्ही लाजेने कुणाला विचारलं नाही, सून आली तेव्हा कळलं. मुलाचं लग्न पुढच्या वर्षी झालं. मुलगा ट्रक चालवतो. सून दुसऱ्या गावच्या कुंभाराची मुलगी, दहावी झालेली, हडकुळी, बोलणं कमी. फाटकावरून जाताना ती काचेजवळ थांबली आणि पूर्ण कागद वाचून आली. घरी येऊन चुलीकडे तोंड करून सांगितलं, “आईंनी अठरा किलो माती चोरली असं आहे. आणि या घरातलं कुणी पुन्हा खाणीवर हक्क सांगणार नाही, असंही आहे.”

म्हणजे पिढ्यांची माती आम्ही एका अंगठ्यावर सोडून आलो होतो. बायको त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हणालो, मला अक्षरं शिकव. वय झालं होतं, डोळ्यांनी साथ सोडली होती. ती ओल्या मातीच्या पाटीवर काडीने अक्षर काढायची आणि मी त्यावरून बोट फिरवायचो. चाकावरचं बोट, ते लगेच शिकलं. डोकं मागाहून आलं.

पुढे मुलगा त्याच कारखान्याचा माल वाहायला लागला आणि सून तिथेच माल निवडायला लागली. मला ते आवडलं नव्हतं. मुलगा म्हणाला, “बाबा, आता मडकी कोण घेतं? चूल पेटायला पाहिजे की नको?” त्याचं चुकत नव्हतं. आम्हाला आता ओढ्याचा गाळ आणून काम भागवावं लागे आणि त्या गाळाची मडकी गळत.

निवडायच्या शेडमध्ये बारा बायका होत्या. समोरून पट्टा जातो, त्यावर फरश्या. एकेक उचलायची, दोन बोटांनी वाजवायची, कडा बघायची, चांगली असेल तर खोक्यात. खोक्यात स्वतःच्या क्रमांकाची चिठ्ठी टाकायची. सुनेचा क्रमांक सात. उभ्याने आठ तास. संध्याकाळी घरी आली की तिची बोटं मिटत नसत. बायको कोमट पाण्यात मीठ टाकून तिचे हात त्यात धरून ठेवायची. पाळी संपताना तिला आणखी एक काम होतं. अक्षर चांगलं म्हणून शेडची वही तिच्याकडे दिली होती. किती माल आला, किती बाद झाला, काही शेरा असेल तर तो, आणि खाली साहेबाची सही.

दुसरी भट्टी उन्हाळ्याच्या तोंडावर पेटली. त्या दिवशी मोठे मालक शहरातून आले, भाषणं झाली. इस्त्रीने सांगितलं की आता दिवसाला दुप्पट माल निघेल. दुप्पट निघावा म्हणून त्याने बारीक चाळणी काढून जाड लावली होती, हे त्याने सांगितलं नाही. मी कुंपणाबाहेर शेळी धरून उभा होतो. मला तो सोहळा फार आवडला.

मग चाळीस दिवस मी सुखात होतो. हवा कोरडी होती, माल टिकत होता, ट्रकवर ट्रक बाहेर पडत होते. मी रोज ओढ्यावर जाऊन ते मोजायचो. जेवढे जास्त गेले तेवढं बरं. घरी येऊन आकडा बायकोला सांगायचो आणि ती मान हलवायची. आमच्या म्हातारपणात असा गोडवा आला नव्हता. त्या फरश्या कुणाच्या घरात बसणार होत्या, त्या लोकांनी आमचं काय वाकडं केलं होतं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. आता येतं. पण तेव्हा आलं असतं तरी मी बोललो असतो असं मला वाटत नाही.

मग हवा बदलली. पाऊस नाही, नुसते ढग आणि चिकट उकाडा. मडकी वाळेनात, अंगावरचे कपडे वाळेनात. त्या आठवड्यात मुलगा लांबच्या फेरीवरून आला आणि त्याने पिशवीतून एक फरशी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिला सात-आठ खळगे पडले होते आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका.

“एका शाळेत पाच खोल्यांत बसवली होती,” तो म्हणाला. “सकाळी मुलं आली तर जमीन फुटलेली. तुम्हाला काही समजतं का, बाबा?”

“मला काय समजणार,” मी म्हणालो. “मोठी माणसं ती.”

तो माझ्याकडे बघत राहिला. कुंभाराचा मुलगा आहे, त्याला शंका आलीच असेल. पण पाच वर्षं ट्रकवर बसून मातीचं ज्ञान पातळ होतं.

ट्रक परत यायला लागले. माल परत आला की तोही वजनकाट्यावर तोलतात. बायको रोज सकाळी कामं आटपून फाटकासमोरच्या झाडाखाली जाऊन बसायची. शिट्टी तिला म्हणाला, काकू, इथे का बसता? ती म्हणाली, “आकडा हलतो का ते बघते.” ओट्यावर ट्रक चढला की खोलीतली पाटी भराभर पळायची. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण पळताना दिसायचे.

सहाव्या दिवशी सून दुपारीच घरी आली. बाराही बायकांना काढलं होतं. खराब माल खोक्यात गेला तो निवडणाऱ्यांच्या हलगर्जीमुळे, असं इस्त्रीने शहरात कळवलं होतं. प्रत्येक खोक्यात चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक, पुरावा तयार. सगळ्यांची नावं वसाहतीतल्या एकूण एक फाटकांवर जाणार होती, म्हणजे बोल्टवाले नाहीत, बाटल्यावाले नाहीत, कुठेच उभं करणार नाहीत. त्या बारांत एक विधवा होती, एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला.

सूड घ्यायला निघालो होतो इस्त्रीवर आणि तो जाऊन बसला सात क्रमांकावर. त्या चिठ्ठ्या मला रोज दिसत होत्या, तिच्या खिशात उरलेल्या असायच्या, शेळी त्या खायची. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

सून हातपाय धुऊन ओट्यावर बसली. मी तिच्याजवळ गेलो. सासऱ्याने सुनेसमोर असं बोलायचं म्हणजे जड जातं, पण बोललो. म्हणालो, “पोरी, मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी पूर्वेची माती बघितली होती आणि तोंड शिवून बसलो. उद्या जाऊन साहेबाला सांगतो.”

ती म्हणाली, “बाबा, मी कुणाची मुलगी आहे?”

मी ओट्याच्या कडेवर टेकलो.

“पहिली फरशी हातात आली तेव्हाच मला पांढरं दिसलं होतं. वाजवली तर आवाज उत्तम. नियमात बसत होती, खोक्यात टाकली. आणि संध्याकाळी वहीत शेरा लिहिला. नव्या मातीत चुनखडी आहे. चाळणी बारीक लावावी, नाहीतर माल गरम असताना पाण्यात बुडवावा, न बुडवल्यास दमट हवेत फुटेल. रोज लिहिलं. शेचाळीस दिवस. खाली त्यांची सही आहे.”

बायको दारात येऊन उभी राहिली होती.

“मग त्याने काही केलं नाही?” मी विचारलं.

“ते फोनवर बोलता बोलता सही करतात. कामाला लागले त्या आठवड्यात मी शेऱ्यात लिहिलं होतं की पिण्याच्या पाण्याची टाकी गळते. सही झाली. टाकी अजून गळते.”

“अगं, मग तोंडाने का नाही सांगितलंस?”

तिने मिटत नसलेल्या बोटांकडे बघितलं. “तोंडाने सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं.”

मग बायको आत गेली आणि मिठाचं पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मोठे मालक येणार होते. सून म्हणाली, बाबा, आईंना घेऊन फाटकावर या. आम्ही गेलो तेव्हा बाकीच्या अकरा जणी आधीच उभ्या होत्या. वजनकाट्यावर परतीचा ट्रक, मागे तीन. मालक उतरले, जाडे, घामाघूम, हातात फुटकी फरशी. इस्त्री शेजारी. त्याचा सदरा नेहमीसारखाच.

सून पुढे झाली. म्हणाली, मालक, काढायचं असेल तर काढा, पण आधी शेडची वही मागवा. इस्त्री म्हणाला, आता तमाशे नकोत. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि शिट्टीला पिटाळलं. वही आली. मालकांना चष्मा सापडेना, म्हणून ते सुनेलाच म्हणाले, वाच.

तिने वाचायला सुरुवात केली. तारीख, शेरा, सही. पुढची तारीख, तोच शेरा, तीच सही. आवाज चढवला नाही, की घाई केली नाही. पाचव्या-सहाव्या तारखेला ट्रकवाले खाली उतरले. दहाव्याला अकराही बायका तिच्याबरोबर तोच शेरा म्हणायला लागल्या. मालक दोनदा म्हणाले, पुरे, कळलं. ती थांबली नाही. शेचाळीस तारखा तिने वाचल्या. विसाव्याच्या आसपास मी इस्त्रीच्या पाठीकडे पाहिलं. सदरा पाठीला चिकटला होता आणि घडी गेली होती.

मालक धंद्याचे पक्के. त्यांनी आरडाओरडा केला नाही. या बायका कामावर राहतील, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग विचारलं, भट्टीत आत्ता जो माल आहे त्याचं काय? सुनेने माझ्याकडे बोट दाखवलं.

मालक म्हणाले, “कुंभारमामा, दाखवाल का कसं बुडवायचं ते?”

मी म्हणालो, “दाखवतो. हौद किती मोठा, पाणी कधी, माल किती गरम, सगळं सांगतो. पण आधी हिचं एक काम आहे.” आणि बायकोकडे पाहिलं.

तिने काय मागायचं ते आमचं घरी ठरलं नव्हतं. मला वाटलं, ती त्याला टोपली डोक्यावर घेऊन उभं करील. ऊन तसंच होतं, लोखंडही तेच. ती पहाऱ्याच्या खोलीत गेली. तिची टोपली कोपऱ्यात होती, शिट्टीने केरासाठी ठेवलेली. तिने केर दारातच ओतला, टोपली काखेत घेतली, काचेवरचा पिवळा पडलेला कागद नखाने खरवडून काढला आणि तोंडात घालून चावला. चावून थुंकला. मग सुनेला म्हणाली, “एक कोरा कागद घे. लिही काहीतरी.”

“काय लिहू, आई?”

“तुला सुचेल ते. वाचून दाखवू नकोस.”

सुनेने ट्रकच्या चाकाजवळ बसून मांडीवर कागद ठेवला, एक ओळ लिहिली आणि कागद दुमडला. खाली मोकळी जागा उरली तेवढीच बाहेर ठेवली. बायकोने खोलीतून शिक्क्याच्या शाईची डबी आणली आणि इस्त्रीसमोर धरली.

तो म्हणाला, “मी सही करतो. पण काय लिहिलंय ते बघू द्या.”

“सही नको,” ती म्हणाली. “अंगठा. आणि वाचायचं नाही. मीही वाचलं नव्हतं.”

“हा काय प्रकार आहे, मालक?”

मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत होता. भट्टीतला माल थंड होत चालला होता. मालक रुमालाने मान पुसत म्हणाले, “लाव रे आणि मोकळा हो.”

त्याने अंगठा शाईत बुडवला. लावून घाईने उचलला, त्यामुळे ठसा थोडा फरपटला. बायकोने कागदावर फुंकर मारली, वाळेपर्यंत त्याच्यासमोरच उभी राहिली, आणि मग टोपली घेऊन खाणीकडे चालायला लागली. शिट्टीने तोंडातली शिट्टी काढून खिशात ठेवली. ती टोपली भरून आली, वजनकाट्यावरून गेली आणि घरी गेली. कुणी तोललं नाही.

मी तीन दिवस हौदावर होतो. दोन महिन्यांत इस्त्रीला दुसरीकडे पाठवलं. त्याच्यानंतर आलेला साहेब वही वाचतो. पाण्याची टाकी दुरुस्त झाली. शाळेच्या पाच खोल्यांची फरशी उखडून नवी बसवली, ती माझ्या हाताने बुडवलेली होती.

तो कागद आमच्या घरात चाकाच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. त्या संध्याकाळी मी तो उलगडून स्वतः वाचला, अक्षराला अक्षर जोडत. सुनेने लिहिलं होतं, आज ढग आहेत, पाऊस नाही.

इस्त्री शिट्टीकडून अजून निरोप पाठवतो. आधी दर महिन्याला यायचा, आता वर्षातून दोनदा येतो. विचारतो, त्या कागदावर काय आहे, तो कुठे दाखवणार आहात, मिटवून टाकू. परवाही शिट्टी येऊन ओट्यावर बसला. म्हणाला, काकू, त्याला झोप लागत नाही म्हणतो, सांगून टाका आता.

बायको मडक्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. तिने बोट थांबवलं नाही.

“त्याला विचार,” ती म्हणाली, “वाचता येतं का?”